कपाट आधी स्क्रीनवर, मग प्लायवर: ऑर्डरच्या फर्निचरचे नेहमीचे प्रश्न

आमचं काम अमळनेरला. वडील सुतार, मी त्यांच्याच हाताखाली रंधा मारायला शिकलो, आणि आता गेली काही वर्षं कपाट असो, पलंग असो की किचन, आधी कॉम्प्युटरवर काढल्याशिवाय आम्ही करवतीला हात लावत नाही. गिऱ्हाईक येतं ते एक विचारतं, नवीन मिस्त्री पोरं भेटतात ती दुसरंच विचारतात, आणि दोघांनाही रोज तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून हे एकदाच लिहून ठेवलं. क्रम काही लावलेला नाही, जसे प्रश्न आठवले तसे.

सॉफ्टवेअर पाहिजेच कशाला? आपल्या बापजाद्यांनी वाडे बांधले ते काय लॅपटॉप घेऊन?

नाही, पण पट्टी घेऊन. आमचे वडील कुठलंही काम धरलं की आधी सागाची एक लांब पट्टी घ्यायचे आणि तिच्यावर पेन्सिलीनं खालपासून वरपर्यंत सगळ्या खुणा मारायचे, इथं फळी, इथं खण, इथं बिजागरी. मग टेप बाजूला, सगळी मापं त्या पट्टीवरूनच उतरायची, म्हणजे चारही उभ्या फळ्यांवर खूण एकाच जागी पडायची. मी स्क्रीनवर करतो ते तेच आहे, फक्त माझी पट्टी तिन्ही बाजूंनी मोजते आणि गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर पाठवता येते.

दुसरं म्हणजे काम बदललं. सागाचं दार बसलं नाही तर दोन हात रंधा मारला की बसायचं. मायका लावलेल्या प्लायला रंधा कुठून मारणार? एकदा कापला, चिटकवला, कडेला पट्टी लावली की तो पीस तेवढाच. चूक स्क्रीनवर झाली तर कंट्रोल-झेड दाबायचं, प्लायवर झाली तर नवीन शीट आणायची, एवढाच फरक आहे आणि तो खिशाला कळतो.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

फर्निचरसाठी बहुतेक लोक स्केचअपपासून सुरू करतात आणि मीही तेच सांगतो. २००० साली आलेलं आहे, मधे २००६ ला गुगलनं घेतलं होतं म्हणून जुनी लोकं अजून गुगल स्केचअप म्हणतात, २०१२ पासून ट्रिंबलकडे आहे. त्यात चौकोन काढायचा आणि तो ओढून जाडी द्यायची, बस, म्हणजे सुताराचं डोकं जसं चालतं तसंच चालतं, फळीला फळी लावत जायची.

फ्रीकॅड हे दुसरं, पूर्ण फुकट, धंद्यासाठी वापरलं तरी फुकट. त्याची १.० आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरमधे आली आणि आधीपेक्षा बरंच सुधारलं. त्याची गंमत अशी की मापं तुम्ही एका तक्त्यात लिहून ठेवू शकता, मग रुंदीचा आकडा ८४ चा ७८ केला की अख्खं कपाट आपोआप लहान होतं. वुडवर्किंग नावाचं एक अॅडऑन पण मिळतं त्यात, कपाटं-खण काढायलाच बनवलेलं. पण खरं सांगतो, सुरुवातीला डोकं फिरतं, पहिला आठवडा शिव्याच निघतात. ज्यांनी आयटीआयला ड्राफ्ट्समन केलंय त्यांना ते लवकर जमतं, माझ्यासारख्याला वेळ लागला.

फ्यूजन हे ऑटोडेस्कचं. ताकदीचं आहे, सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनचं) काम करायचं असेल तर उपयोगी, पण पर्सनलवाल्या फुकट लायसन्सवर धंदा करता येत नाही आणि एका वेळी १० च फायली बदलण्यासारख्या उघड्या ठेवता येतात. दोन कपाटं आणि एक दिवाण बनवणाऱ्याला एवढं कशाला लागतं.

फुकटच्या स्केचअपवर धंदा चालतो का?

कायद्यानं नाही. ब्राउझरमधे चालतं ते फुकट व्हर्जन स्वतःच्या घरगुती कामासाठी आहे, गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन वापरायचं तर पैशाचं सबस्क्रिप्शन घ्यावं लागतं. वर त्या फुकटच्यात एक्स्टेंशन टाकता येत नाहीत, आणि आपल्याला जे खरं पाहिजे, कटिंग लिस्ट, म्हणजे कोणता पीस किती मापाचा कापायचा त्याची यादी, ते एक्स्टेंशननंच निघतं. शिकायला मात्र फुकटचं बेस्ट. आधी स्वतःच्या घरचं एक कपाट, एक देव्हारा काढून बघा, जमलं तर मग पैसे घाला. आणि पेनड्राइव्हमधून क्रॅक कॉपी वाटत फिरणारे खूप आहेत, एका ओळखीच्या पोराच्या लॅपटॉपमधे तसंच व्हायरस घुसलं आणि सगळ्या ऑर्डरची मापं गेली, त्यापेक्षा फ्रीकॅड शिकलेलं परवडलं.

माप इंचात ठेवू की मिलिमीटरमधे?

भांडण जुनं आहे. घरात गिऱ्हाईक फूट-इंच बोलतं, मिस्त्री सूत बोलतो, आणि प्लाय, चॅनल (खण ज्यावर सरकतो ती पट्टी), हिंज (बिजागरी) सगळं मिमीमधे येतं. एक इंचात ८ सूत, म्हणजे एक सूत बरोबर ३.१७५ मिमी. मी फाईल मिमीमधे काढतो आणि साईटवर द्यायचा कागद इंच-सुतात काढतो, कारण आमच्या मिस्त्रीला ६०३ म्हटलं की तो माझ्याकडे बघतो आणि पावणेचोवीस म्हटलं की लगेच कापतो.

स्केचअपमधे इंच ठेवायचे असतील तर फ्रॅक्शनल निवडा आणि अचूकता १/८ वर ठेवा, म्हणजे प्रत्येक माप सुतात दिसेल. पण मापाच्या आधी ~ अशी नागमोडी खूण दिसली तर सावध व्हा. ती खूण म्हणते की खरं माप थोडं वेगळं आहे, मी फक्त जवळचं सूत दाखवून राहिलो. ती खूण दिसत असताना प्रिंट काढून कापायला दिलं तर नंतर दोराभर फट कुठून आली ते शोधत बसाल.

घरी येऊन माप घेता तेव्हा एवढा वेळ का लावता?

कारण भिंत खोटं बोलते. सॉफ्टवेअरमधे प्रत्येक कोपरा ९० चा असतो, तुमच्या घरात एकही नसतो. जुन्या धाब्याच्या घरात तर मातीची भिंत खाली जाड वर बारीक, पण नवीन फ्लॅटमधेही प्लास्टरवाल्यानं पोट काढलेलं असतंच.

म्हणून भिंतीतलं कपाट असेल तर रुंदी तीन ठिकाणी घ्यायची, खाली, कमरेला आणि वर, आणि सगळ्यात लहान माप धरायचं. उंची दोन्ही टोकांना घ्यायची. मग दोन्ही कर्ण मोजायचे, ते सारखे आले नाहीत तर चौकट कानी, म्हणजे तिरकी आहे. कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे का ते बघायला ३-४-५ चं जुनं गणित, एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर, दोन खुणांमधे बरोबर ५ फूट आले तर कोपरा सरळ. स्कर्टिंग टाईल किती पुढे आलीय, स्विचबोर्ड कुठे आहे, खिडकीचा पडदा कुठवर येतो, पंख्याचं पातं लॉफ्टच्या दाराला लागेल का, हे सगळं फोटोसकट लिहून घ्यायचं. आणि जिना! सात फुटी अखंड कपाट जिन्यातून वळत नाही म्हणून परत खाली नेलेलं मी डोळ्यानं पाहिलंय. आम्ही आता खालचं कपाट, वरचं लॉफ्ट असे वेगळे डबेच करतो.

१८ चा प्लाय घेतला, १८ च काढला, तरी खण बसत का नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण मीच यात फसलोय.

पहिलं मोठं काम मिळालं होतं, बाहेरून ८४ इंच म्हणजे २१३४ मिमी रुंद कपाट, चार उभ्या फळ्या, मधे तीन सारखे कप्पे, तिन्हींत मिळून नऊ खण. मी स्क्रीनवर फळी १८ ची धरली. २१३४ मधून चार गुणिले १८ म्हणजे ७२ गेले, उरले २०६२, भागिले तीन, प्रत्येक कप्पा ६८७. त्यातून चॅनलचे २६ वजा करून खण ६६१ चे बनवले, सगळे एकाच दिवशी, मोठ्या आनंदात.

आता खरं काय झालं ते बघा. प्लाय १८ चा, बाहेरून १ मिमीचा मायका, आतून ०.८ चा लायनर (आतल्या बाजूचा पातळ मायका), त्यात गोंदाचा थर, फळी झाली २० ची. चार गुणिले २० म्हणजे ८०. उरले २०५४, प्रत्येक कप्पा ६८४.७. म्हणजे माझा प्रत्येक खण सव्वादोन-अडीच मिमीनं मोठा. सुताएवढं सुद्धा नाही, पण टेलिस्कोपिक चॅनल तेवढं पण माफ करत नाही, खण अर्ध्यात जाऊन अडकायचा नाहीतर जोर लावला की आतले छर्रे सांडायचे. नऊच्या नऊ खण उघडले, तळ काढले, पुढच्या-मागच्या पट्ट्या कापून परत जोडले. वडील काही बोलले नाहीत, नुसती त्यांची ती पट्टी आणून माझ्या टेबलावर ठेवली.

तेव्हापासून नियम असा की दुकानातून शीट आली की आधी व्हर्निअर (जाडी मोजायचं उपकरण) लावायचा. १८ लिहिलेली शीट कधी १७.३ भरते, कधी साडेसतरा, कंपनीप्रमाणे, कधी तर लॉटप्रमाणे. नमुन्याच्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी मायका चिटकवून जी जाडी येईल तीच स्क्रीनवर टाकायची. सॉफ्टवेअर तुम्ही सांगाल ते ऐकतं, ते दुकानात जाऊन मोजून येत नाही.

कंपोनंट आणि ग्रुप यात फरक काय, आणि कटिंग लिस्ट चुकीची का येते?

नवीन पोरांचं इथंच अडतं. स्केचअपमधे प्रत्येक फळी काढून झाली की लगेच तिचा कंपोनंट करायचा आणि नाव द्यायचं, 'डावी उभी', 'खण बाजू', असं. एका कंपोनंटमधे बदल केला की त्याच्या सगळ्या कॉप्या बदलतात, म्हणजे सहा दारं असली तर एकावर काम करायचं. ग्रुपमधे तसं होत नाही, प्रत्येक कॉपी स्वतंत्र.

लिस्ट काढायला ओपनकटलिस्ट नावाचं फुकट एक्स्टेंशन आहे, फ्रान्समधल्या लाकूडकाम करणाऱ्या लोकांनी बनवलेलं. ते फक्त कंपोनंट मोजतं. तुम्ही ग्रुप करून ठेवले असतील तर ते लिस्टमधे येणारच नाहीत आणि तुम्ही म्हणाल सॉफ्टवेअर खराब. प्रत्येक कंपोनंटला मटेरियल पण द्यायचं आणि ते मटेरियल शीटचं आहे की भरीव लाकूड, तेही सांगायचं. एवढं केलं की ते स्वतः शीटवर पीस मांडून दाखवतं, लेबलं छापून देतं, कडेची पट्टी किती मीटर लागेल ते पण सांगतं. लेबल छापून प्रत्येक पीसवर चिटकवा, नाहीतर ४०-५० सारख्याच दिसणाऱ्या फळ्यांत कोणती डावी कोणती उजवी यात अर्धा दिवस जातो.

आणि मायक्याला रेषा असतील तर ग्रेनची दिशा लॉक करायला विसरू नका. नाही केली तर सॉफ्टवेअर शीट वाचवायला पीस आडवा फिरवतं, मग पाच दारांवर रेषा उभ्या आणि सहाव्यावर आडव्या, आणि गिऱ्हाईक नेमकं सहाव्यासमोर खुर्ची टाकून बसतं.

२४ इंच खोलीचं कपाट आणि ४ फुटी शीट, मग बरोबर दोन पट्ट्या निघायला पाहिजेत ना?

निघत नाहीत. शीट १२२० मिमी, करवतीचं पातं साधारण ३ मिमी खाऊन टाकतं, उरतात १२१७, अर्धे केले की ६०८ आणि थोडं. २४ इंच म्हणजे ६०९.६. झाली ना कमी? त्यात शीटची कारखान्यातली कड दबलेली-फुटलेली असते, ती दोन्हीकडून ५-५ मिमी काढायलाच पाहिजे, मग पट्टी येते ६०३ ची, म्हणजे पावणेचोवीस. म्हणून आम्ही कपाट पावणेचोवीस किंवा साडेतेवीसच धरतो, हँगरला काही फरक पडत नाही. जो २४ लिहून देतो तो एकतर दुसरी शीट फाडतो नाहीतर मागून पट्टी जोडतो.

तसंच उंचीचं. ८ फुटी शीटमधून ७ फुटी कपाट काढलं की प्रत्येक शीटमागे एक फूट बाय चार फुटांचा तुकडा राहतो, आठवा हिस्सा. तो वाया घालवायचा की त्यातून खणांचे पुढे, खालची पट्टी, लॉफ्टचे आडवे काढायचे, हे कापायच्या आधी ठरलं तर शीट वाचते, कापल्यावर ठरलं तर कोपऱ्यात भंगार वाढतं.

खण आणि बिजागरीची मापं पाठ कशी ठेवायची?

टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंनी साधारण पाऊण-पाऊण नाही, अर्धा-अर्धा इंच जातो (लोक इथं हमखास चुकतात), म्हणजे कप्प्याच्या आतल्या रुंदीतून २६ मिमी वजा. आतली, मायका लावल्यानंतरची. ऑटो हिंजच्या वाटीला ३५ मिमीचं भोक. दार फळीवर पूर्ण चढणार असेल तर झिरो क्रँक (क्रँक म्हणजे हिंजच्या दांडीचा वाक), एकाच फळीवर दोन दारं अर्धी-अर्धी असतील तर ८, आणि दार आतमधे बसणार असेल तर १६ क्रँक. सात फुटी दाराला दोन हिंजवर भागवू नका, चार तरी लावा, नाहीतर वर्षाच्या आत दार मान टाकतं.

सॉफ्टवेअरला सागवान कळतं का?

नाही कळत, आणि खान्देशात हेच सगळ्यात जास्त कळायला पाहिजे. प्लाय जसा आहे तसा राहतो, साग मात्र हवेप्रमाणे फुगतो-आकसतो. लांबीत जवळपास नाही, रुंदीत. ओला साग पूर्ण सुकला तर रुंदीच्या बाजूनं ५ टक्क्यांच्या आसपास आकसतो, आणि साग तर यातला गुणी, बाकीची लाकडं याहून जास्त नाचतात.

आपल्याकडं मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढं जातो, हवा भाजलेली, कोरडी. त्यात दुपारी पाण्याचा कूलर लावला की तीच खोली दमट. मग जून-जुलैत पाऊस. १८ इंच रुंद सागाच्या फळीतला ओलावा नुसता ४ टक्क्यांनी वर-खाली झाला तरी ती साडेतीन मिमी हलते, म्हणजे सुताहून जास्त. स्क्रीनवर ती फळी बारा महिने तेवढीच असते!

म्हणून भरीव लाकडाचं दार काढताना मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवायची, दोन्हीकडं सूत-सूत जागा, आणि तिला गोंद लावायचा नाही. टेबलाचा वरचा पाट खालच्या चौकटीला खिळून टाकायचा नाही, लांबट भोकातून स्क्रू द्यायचा म्हणजे तो सरकू शकतो. मी ड्रॉइंगमधे ही मोकळी जागा मुद्दाम काढतो, नाहीतर कारागीर घट्ट बसवून मोकळा होतो आणि मे महिन्यात फोन येतो की फळी चिरली. कूलरच्या तोंडासमोर कपाट ठेवू नका हे तर मी बिलावर लिहायच्या बेतात आहे.

जुन्या वाड्याचं लाकूड मिळालं तर सोनं. पन्नास-साठ वर्षं वाळलेल्या तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या, त्या आता फारशा हलत नाहीत. फक्त मशीनवर घ्यायच्या आधी लोहचुंबक फिरवा, आत मोडलेला खिळा असला की पात्याचे दात गेले.

सागाचा हिशोब घनफुटात कसा करायचा?

चिरलेलं असेल तर लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार भागिले १४४. दाराची चौकट धरा, दोन उभ्या ७-७ फूट, वरची साडेतीन, एकूण साडेसतरा फूट, लाकूड ५ बाय अडीच. १७.५ × ५ × २.५ ÷ १४४ म्हणजे दीड घनफूट. एक-दोन चौकटी असतील तर तोंडी, पूर्ण घर असेल तर एक्सेलमधे.

गोल लाकडाला वेगळं. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले १४४. ४० इंच घेराचं १० फुटी लाकूड: १० × १० × १० ÷ १४४, जवळपास ७ घनफूट. गणितानं गोलाचं खरं घनफळ ८.८ येतं, पण हा हिशोब मुद्दामच कमी धरतो कारण चिरताना बाहेरची साल-पांढरं जातंच. दोन व्यापारी दोन वेगळ्या पद्धतीनं मोजत असतील तर नुसता भाव विचारून तुलना होत नाही, आधी कसं मोजता ते विचारा.

नवापूरकडून डांगी साग येतो, बल्लारशाचा येतो, बाहेर देशातला पण येतो. कुठलाही घ्या, पक्की पावती आणि वाहतुकीचा परवाना बघून घ्या. शेजाऱ्याच्या शेतातलं झाड स्वस्तात मिळून राहिलं म्हणून परवानगीशिवाय तोडून आणाल आणि नाक्यावर अडकाल.

'दादा, कितला पैसा लागतीन?'

हा पहिला फोन असतो, आणि तो स्क्वेअर फुटाचा भाव ऐकायला असतो. ७ बाय ७ चं कपाट म्हणजे समोरून ४९ स्क्वेअर फूट, गुणिले भाव, झालं. पण एका कपाटात सहा साध्या फळ्या आणि दुसऱ्यात नऊ खण. दोन्ही ४९ च फूट! एका खणाला दोन बाजू, पुढची-मागची, तळ आणि दर्शनी पट्टी धरून सहा पीस, नऊ खणांचे ५४ पीस आणि नऊ जोड्या चॅनल, हे त्या स्क्वेअर फुटात कुठंच दिसत नाही. मग स्वस्त भाव देणारा काय करतो, प्लायची जाडी कमी करतो, मागचा पाट ४ मिमीचा लावतो, नाहीतर अर्ध्या कामात पैसे वाढवून मागतो.

कटिंग लिस्ट असली की भाव उघडा होतो. शीट किती, मायका किती, चॅनल-हिंज किती नग, मजुरी किती. गिऱ्हाईक म्हणालं थोडं कमी करा, तर मी म्हणतो चार खण कमी करा, बघा किती कमी होतं. घासाघीस होते, होऊ द्या, पण कशावरून होते ते दोघांना दिसतं.

प्लाय ३०३ घ्यावा की ७१०?

हे आयएसचे, म्हणजे भारतीय मानकाचे नंबर. आयएस ३०३ हा साधारण वापराचा. आयएस ७१० म्हणजे मरीन, त्याचा चिकटपणा ७२ तास उकळत्या पाण्यात तपासतात. बेडरूमच्या कपाटाला ७१० लावणं म्हणजे पैसे उडवणं, तेच पैसे चांगल्या हिंजमधे घाला. सिंकखालच्या डब्याला आणि बाथरूमच्या भिंतीला टेकणाऱ्या कपाटाला मात्र ७१० च. शिक्का शीटवर बघा, दुकानदाराच्या तोंडावर नाही.

थ्रीडी फोटोत जसं दिसतं तसंच बनेल का?

मापानं हो, रंगानं नाही. फोटोतला उजेड नकली असतो, तुमच्या हॉलमधे ट्यूबलाईट आणि पश्चिमेचं ऊन असतं. त्यामुळे मायक्याचा खरा तुकडा घरी नेऊन दिवसा आणि रात्री बघा, मग सही करा. मी स्वतः फार चकचकीत रेंडर करतच नाही. रेषांचं साधं चित्र दाखवलं की लोक मापं बोलतात, रेंडर दाखवलं की फुलदाणी कुठली आहे ते विचारतात.

सीएनसीवर कापून घेतलं तर?

चांगलं, भोकं आणि खाचा एकसारख्या येतात. फक्त एक लक्षात ठेवा, मशीनचं बिट गोल फिरतं, ६ मिमीचं बिट असेल तर आतला कोपरा ३ मिमीच्या गोलाईनं निघणार, तिथं चौकोनी फळी बसणार नाही. एकतर कोपऱ्यात ड्रॉइंगमधेच जादा भोक द्या नाहीतर पटाशीनं कोपरा काढायची तयारी ठेवा.

मोबाईलवर डिझाईन होतं का, लॅपटॉप कसला लागतो?

मोबाईलवर बघता येतं, काढायला जीव जातो. साधा ८ जीबी रॅमचा लॅपटॉप चालतो. लॅपटॉपपेक्षा महत्त्वाचा चाकवाला माउस, टचपॅडवर थ्रीडी फिरवायचा प्रयत्न करणारे दोन दिवसांत सोडून देतात.

शिकायला किती दिवस, आणि सुतारकी येत नसेल तर चालतं का?

बटणं आठवड्यात येतात. रोज संध्याकाळी तासभर बसलात तर महिन्याभरात एक कपाट लिस्टसकट काढाल. सुरुवात घरातल्याच वस्तूपासून करा, चौरंग घ्या, टेप लावा, जसाच्या तसा काढा, मग तुम्हाला कळेल त्यात किती सांधे आहेत जे रोज बघून सुद्धा दिसले नव्हते.

सुतारकी येत नसेल तर चित्र काढाल, फर्निचर नाही. इंजिनिअरिंग केलेल्या एका पोरानं आमच्याकडं फाईल आणली होती, दिसायला एक नंबर, पण मधल्या फळीला स्क्रू मारायला हात घुसायचीच जागा नव्हती. त्याला दोन महिने कारखान्यात बसवला, आता तो माझ्यापेक्षा चांगलं काढतो. उलट मुरलेल्या मिस्त्रीला इंग्रजी मेनूची भीती असते, त्यानं घरातलं कॉलेजचं पोर सोबत बसवावं, पोरगं बटण दाबेल, मिस्त्री माप सांगेल. आमच्याकडं वडील आणि माझा पुतण्या असंच करून राहिले.

सुतारांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे, सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली, त्यात ट्रेनिंगच्या दिवसांचे रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख मग २ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. त्यातून हातमशीन घ्या, लॅपटॉप नंतर.

डिझाईनचे पैसे वेगळे घेता का, आणि फाईल आम्हाला देता का?

काम आमच्याकडं दिलं तर वेगळे नाही. नुसतं डिझाईन पाहिजे असेल तर घेतो, आणि मग फाईल, कटिंग लिस्ट, सगळं देतो. एकच अट, ती लिस्ट ज्या प्लायच्या जाडीवर काढलीय ती वर लिहिलेली असते, तुमच्या मिस्त्रीनं दुसऱ्या दुकानातून दुसरा प्लाय आणला तर आधी मला जाडी मोजून कळवा, दहा मिनिटांत लिस्ट बदलून देतो. खण कापून झाल्यावर फोन करू नका.